न उघडणारी काच

"थांबव बे, मानूस दिसून राहिला."

ड्रायव्हरला एवढं म्हणायचे आणि जीप पुरती थांबायच्या आत भाऊंचं बोलणं सुरू झालेलं असायचं. डावा कोपर खिडकीबाहेर, सदऱ्याची बाही दुमडलेली, मान निम्मी बाहेर. "काहून बे, जेवला काय? पोरगी बराबर नांदून राहिली ना? अन् तुही मोटर जळली होती, ते भरून आनली काय?" समोरचा सायकलवर असो की बैलांमागे, त्याला थांबावंच लागे. मागे एसटी हॉर्न मारत उभी राही. मग भाऊ एसटीच्या ड्रायव्हरलाही विचारत, जेवला काय म्हणून.

असा एखादा भाऊ प्रत्येक गावात असतो, तुम्हीही पाहिला असेल. आमचा जरा जास्तच बोलका होता. घर चांदूर बाजारकडचं, भाजीपाला पिकवणारं. तरुणपणी वांग्यांच्या पाट्या घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचे, पुढे तिथेच अडतीचं दुकान टाकलं, मग निवडणुकीला उभे राहिले आणि आले निवडून. पद गेलं, पण रस्त्यातली चौकशी काही गेली नाही. माझं बडनेऱ्याला गाड्यांच्या काचांचं दुकान आहे, त्यामुळे भाऊंची आणि माझी ओळख जुनी. त्यांच्या जीपची डावी काच मात्र मी आयुष्यात कधी बसवली नाही, कारण ती वर करण्याचा प्रसंगच त्यांच्यावर येत नसे. पावसात कोपर भिजायचा, तर भिजायचा.

मग तो फोन आला.

बाजारातल्या एका जागेवरून वाद चालला होता आणि भाऊंनी गाळेवाल्या बायांची बाजू घेतली होती. फोनवरचा माणूस म्हणाला, "उडवून टाकीन." भाऊ हसले. चहाच्या टपरीवर उभे राहून त्यांनी त्या माणसाच्या आवाजाची नक्कलही करून दाखवली. "मले कोन मारते बे? मारन तं घरची बायकोच मारन, तुपाचा शिरा खाऊ घालू घालू." आम्ही पोट धरून हसलो. पोलिसांत तक्रार झाली, फोन करणारा काही सापडला नाही, आणि आमच्या लेखी विषय संपला.

भाऊंच्या मुलाच्या लेखी तो संपला नव्हता. मुलाचा अकोल्याला बांधकामाचा व्यवसाय. वडिलांवर जीव होता त्याचा, हे मी शपथेवर सांगेन. थोडी हौसही होती, हेही सांगेन. त्याने रीतसर परवानग्या काढल्या आणि उत्तरेतल्या कुठल्याशा वर्कशॉपमधून एक मोठी पांढरी गाडी तयार करून आणली. दारांत पोलादी पत्रे आणि चारी बाजूंना गोळी अडवणारी काच.

गाडीची पूजा झाली तेव्हा मी होतो. भाऊंच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पुढे लिंबू-मिरची बांधली. मी म्हणालो, "काकू, या गाडीला लिंबू-मिरची कशाला?" त्या म्हणाल्या, "गोळी अडते तिले. नजर थोडीच अडते?" भाऊ आत बसले. दार लावायला मुलाला दोन्ही हात लावावे लागले. काचेमागे भाऊंचा हात दारावर वरखाली काहीतरी शोधत फिरताना मला दिसला. मग मुलाने पुन्हा दार उघडलं.

"खाली कशी होते बे हे?"

"होत नाही बाबा. पक्की बसवलेली आहे."

"जराशीक बी नाही?"

"बाबा, खाली झाली तर मग तिचा उपयोग काय?"

मुलाचं म्हणणं बिनतोड होतं. भाऊंनी मान हलवली आणि कोपर मांडीवर ठेवला.

पुढचे काही महिने मोठी गंमत होती. भाऊंना माणसं दिसायची, गाडी थांबायची, पण बाहेरच्याला आतलं काही ऐकू यायचं नाही. भाऊ आत तोंड हलवताहेत आणि बाहेर माणूस कानाला हात लावून वाकलाय. एकदा राजापेठेत भाऊंनी काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसालाच फोन लावला. तो खिशातून फोन काढून म्हणतो, "हां भाऊ, कुठी हायत तुमी?" भाऊ आतून ओरडताहेत, "तुह्याच समोर हावो ना बे! इकडं पाह्य, काचात!" दोघं एका हाताच्या अंतरावरून फोनवर पोरीच्या लग्नाचं बोलत होते. ही गोष्ट भाऊंनी स्वतः माझ्या दुकानात सांगितली, पण सांगताना नेहमीसारखे हसले नाहीत.

लग्नाला गेले की गाडी मांडवापासून लांब उभी करायला लावायचे आणि चालत यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अरे, लोक पाह्यतात. म्हनतात, भाऊ भेला." घाबरल्याला आमच्याकडे भेला म्हणतात आणि तो शब्द अंगाला लागतो. विरोधक हसतील याची त्यांना फिकीर नव्हती. आपल्याच माणसांना वाटेल की भाऊंना आपली भीती वाटते, हे त्यांना सहन होत नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात ती गाडी माझ्याकडे आली. काचांच्या कडा दुधाळ झाल्या होत्या आणि कोपऱ्यांत बुडबुडे धरले होते. ड्रायव्हर मुलाने बाहेरगावाहून आणलेला, त्याने डाग समजून आतून थिनर मारला होता. झालं, आतली बाजू आणखी धुरकट झाली. भाऊ स्टुलावर बसले. "सांग बे, काय बिमारी हाय हिले?"

मी त्यांना जमेल तसं समजावलं. ही एक काच नसते. घडीच्या पोळीला पदर असतात तशी ही असते: काच, मग चिकट पारदर्शक थर, पुन्हा काच, आणि सगळ्यांत आत कणखर प्लास्टिकचा पदर. दोन बोटं जाड. गोळी आली की बाहेरची काच फुटते आणि ती फुटायलाच हवी, कारण फुटता फुटता ती गोळीचा जोर खाते. गोळी चपटी होते, तिचा धक्का आजूबाजूला पसरतो. उरलेला जोर आतलं प्लास्टिक जरासं ताणून झेलतं आणि काचेचा चुरा माणसाच्या तोंडावर उडू देत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा गोळ्या बसल्या, किंवा बंदूक फारच भारी असली, तर तीही हार खाते. लोक बुलेटप्रूफ म्हणतात, पण खरं तर ती गोळीला विरोध करते, एवढंच. आणि आपलं वऱ्हाडातलं ऊन! काच वेगळी तापते, प्लास्टिक वेगळं फुगतं, आणि कडेने पदर सुटायला लागतात.

"म्हंजे फुटनं हेच तिचं काम," भाऊ म्हणाले.

"हो."

"अन् आतल्या मानसाचं काम?"

"बसून राहायचं."

मी सहज बोलून गेलो. गाडी सावलीत ठेवा, थिनर लावू नका, याहून जास्त मला करता येण्यासारखं काही नव्हतं. एवढ्या वजनाची काच काढून साधी बसवायची, तर सगळं दारच नवं करावं लागलं असतं.

आता गुलाबभाऊबद्दल सांगायला हवं. गुलाबभाऊ माझ्या गल्लीतला, फुलवाला. भाऊंचा अगदी लहानपणचा सोबती. दोघांचे मळे शेजारी होते. अमरावतीला पहिल्यांदा आले तेही एकाच ट्रकच्या टपावर बसून, एकाच्या वांग्यांवर दुसऱ्याची शेवंती टेकवून. भाऊ मोठे झाले, गुलाबभाऊ फुलंच विकत राहिला, आणि दोघांच्या बोलण्यात त्यामुळे कधी फरक पडला नाही. गल्लीत भाऊंना तोंडावर शिव्या देणारा तो एकटाच होता. "गाडी आनली का तिजोरी बे? आत काय ठेवलं हाय, सोताले काय?" असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा आणि भाऊ गप्प ऐकून घ्यायचे.

मे महिन्यात गुलाबभाऊ गेला. सकाळी फुलांच्या टोपल्या उतरवताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला. भाऊ तेव्हा मुलाकडे अकोल्याला होते. फोन केला, तर म्हणाले, "मी निंगालो. मी आल्याशिवाय उचलजा नोका."

आम्ही थांबलो. ऊन चढत चाललं. म्हातारी माणसं म्हणायला लागली की मयत अशी उन्हात फार वेळ ठेवू नये. गुलाबभाऊची बायको वच्छलावहिनी म्हणाल्या, "येऊन राहिले ते. खांदा देल्याशिवाय नाही राहाचे." शेवटी दुपार टळायच्या बेतात तिरडी उचलली. आमच्याकडे बाया गल्लीच्या तोंडापर्यंत येतात आणि तिथून परत फिरतात. वहिनींना दोघींनी धरून तिथपर्यंत आणलं होतं.

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून ती पांढरी गाडी वळली आणि आमच्या समोर येऊन उभी राहिली.

"आले! भाऊ आले!" सगळ्यांना इतकं हायसं वाटलं, की खांदेकरी जागच्या जागी थांबले. गल्लीतले पोट्टे भाऊंना हाताला धरून आणायला गाडीकडे धावले. मीही चार पावलं पुढे गेलो. गाडीचं दार काही उघडलं नाही. पोरांनी काचेवर थापा मारल्या, हाका मारल्या. मग गाडी झटक्यात मागे गेली, वळली आणि अमरावतीच्या दिशेने निघून गेली. धुरळा आमच्या अंगावर आणि गुलाबभाऊवर बसला.

कोणाला काही कळेना. गाडी गेली ती बायांच्या अगदी जवळून, वहिनींच्या तर पदराला लागेल इतक्या जवळून गेली होती. कोणीतरी त्यांना विचारलं, "भाऊ होते काय आत?" वहिनी म्हणाल्या, "नाही. गाडी खाली होती. नुसता डायव्हर होता." मग सगळ्यांची समजूत पटली. नवखा डायव्हर, प्रेत पाहून घाबरला असेल. भाऊ मागून दुसऱ्या गाडीने येत असतील. कोणीतरी फोन लावला, तर तो बंद लागला. संध्याकाळी मुलाने कळवलं की बाबांची तब्येत अचानक बिघडली, ते निघूच शकले नाहीत, गाडी नुसती निरोप द्यायला पाठवली होती. गल्लीने तेही मान्य केलं. आजारी माणसाला कोण काय म्हणणार?

त्याच आठवड्यात भाऊ माझ्या दुकानात आले. ऑटोने आले होते. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. नेहमीच्या स्टुलावर बसले आणि समोरच्या काचांकडे पाहू लागले. मी चहा सांगितला, त्यांनी घेतला नाही.

"गाडीत मीच होतो," ते म्हणाले.

ते खाली बघत सांगत होते.

"तोंडाले दुपट्टे बांधेल पोट्टे. धावत आले अंगावर. आवाज तं येतच नाही आत. हात हालवून राहिले, काच ठोकून राहिले. तोंड नाही दिसत एकाचंही, नुसते डोये. मले वाटलं, तो फोनवाला आला."

उन्हाळ्यात आमच्याकडे तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. माझ्याही तोंडाला होता. भाऊंचं अख्खं आयुष्य अशा दुपट्टेवाल्यांत गेलं होतं. नुसत्या चालीवरून, चपलेवरून ते माणूस ओळखायचे. त्यातला अर्धा तरी पोरांचा घोळका त्यांच्या मांडीवर खेळलेला होता.

"डायव्हरनं मनानं नाही काढली गाडी," ते म्हणाले. "मी म्हनलं, काढ. दोनदा म्हनलं. अन् मी खाली वाकलो, शिटाच्या खाली. लहान पोरासारखा." त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्याच वाकून दाखवलं आणि तसेच राहिले. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी उठून उगाच एक काच पुसायला घेतली.

"कोणाचंही झालं असतं भाऊ," मी म्हणालो.

"कोनाचंही झालं असतं. माह्यं नव्हतं व्हाले पाह्यजे."

मग त्यांनी मनात खुपत असलेली गोष्ट काढली. वाकता वाकता त्यांना काचेबाहेर वच्छलावहिनी दिसल्या होत्या. अगदी समोर. "तिनं मले पाह्यलं का नाही पाह्यलं, हे सांग मले. गाडी खाली होती म्हने ती. खरंच दिसलो नसन काय मी? तुह्या काचाचं तुले मालूम."

मी त्या दुधाळ कडांचा विचार केला, दुपारच्या उन्हाचा केला, वहिनी उभ्या होत्या त्या जागेचा केला. काच मधून स्वच्छ होती. तरी म्हणालो, "सांगता येत नाही."

"मी तेरवीले येतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो. त्याच्याबिगर मले अन्न जात नाही."

आणि ते आले. गुलाबभाऊच्या घरासमोर मांडव घातला होता, पंगत बसली होती. भाऊंना सगळ्यांनी मानाने जागा करून दिली. तब्येत कशी आहे, जपा आता, असं ज्याने त्याने विचारलं. प्रत्येक चौकशीला त्यांची मान आणखी खाली जात होती. पानं वाढून झाली आणि भाऊ उभे राहिले. हात जोडलेले.

"जेवाच्या आंधी मले एक सांगाचं हाय. त्या दिवशी गाडी आली होती..."

"भाऊ," घराच्या दारातून वच्छलावहिनी म्हणाल्या. डोक्यावर पदर, चौकटीला धरून उभ्या होत्या. "अन्न वाढलं हाय. बसा."

"नाही वहिनी, सांगू द्या मले. त्या गाडीत..."

"त्या गाडीत कोनी नव्हतं."

आवाज चढलेला नव्हता, पण पंगतीतल्या माना तिकडे वळल्या. वहिनी सरळ भाऊंच्या डोळ्यांत पाहत होत्या.

"म्या जवळून पाह्यलं ना. गाडी खाली होती. तुमी बिमार होते, तुमच्या पोरानं कयवलं आमाले. बसा, जेवा. त्याच्या नावाचं हाय."

भाऊ बसले. काय झालं ते मला कळलं आणि त्यांनाही कळलं. पंगतीतल्या बाकी कोणालाच काही कळलं नाही. भाऊंनी समोर वाढलेलं सगळं खाल्लं. मान वर न करता, घास घास करून. मी शेजारी बसून भात नुसता चिवडत होतो. चूक त्यांची होती, पण लाज मला वाटत होती, जणू कुणाच्या घरातलं नको ते पाहून बसलो होतो.

त्यानंतर भाऊ दर सोमवारी वहिनींच्या फुलांच्या दुकानापुढे येऊन उभे राहत. बेल-फूल घ्यायचं निमित्त. काही बोलायला तोंड उघडत, तेवढ्यात वहिनी म्हणत, "चहा सांगू काय भाऊ?" चहा येई. भाऊ तो पिऊन परत जात. दुसऱ्या सोमवारी पुन्हा तेच. रस्त्यातल्या माणसांशी त्यांचं बोलणं कमी झालं. पोरं पाया पडली की ते मागे सरकत. जुन्या जीपने हिंडा म्हणून मुलाने किती विनवलं, ती दुरुस्तही करून आणली. भाऊ तिच्यात बसले नाहीत आणि पांढऱ्या गाडीतही बसले नाहीत. लोक म्हणाले, मित्राच्या जाण्याने भाऊ खचले. अशी एकनिष्ठ दोस्ती आता कुठे पाहायला मिळते, असं त्यांच्या तोंडावर म्हणणारेही निघाले. त्या वेळचा त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला नको होता.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. अंत्ययात्रेला अख्खा बाजार बंद होता.

नंतर एकदा मी हार घ्यायला वहिनींच्या दुकानावर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही भाऊंना पाहिलं होतं ना?"

त्यांनी सुईतला दोरा संपवला, गाठ मारली. "पाह्यलं होतं दादा. पन किती लोक उभे होते तठी! सांगतलं असतं तं भाऊले तोंड दाखवाले जागा राहिली नसती. एवढ्या मोठ्या मानसाले जगू द्या लागते ना?" मग हार पुड्यात बांधता बांधता म्हणाल्या, "बरं झालं, इज्जतीनं गेले बिचारे."

मी पुडा घेतला. पंगतीतल्या त्या दुपारनंतर भाऊ कसे जगले, ते मी त्यांना सांगितलं नाही.